दोन ठोके आणि अर्धं वाक्य

सकाळचे अकरा वाजून गेले होते. मुलाखतीच्या खोलीत मला दोनदा वाजवण्यात आलं आणि टेबलापलीकडे बसलेल्या बाई वाक्याच्या मधोमध थांबल्या. त्यांनी टेबलावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. ओठ मिटले. समितीतलं कोणीच काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी घसा खाकरून "ठीक आहे, धन्यवाद" म्हटलं आणि बाई उठून बाहेर गेल्या.

घडलं ते इतकंच. पण त्या दिवसापासून माझ्या मनात जी पाल चुकचुकते आहे, ती अजून गप्प बसलेली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नाही आणि शाळेतलीही नाही. समुद्राचा तळ तपासणाऱ्या एका सरकारी जहाजाच्या मागच्या डेकवर माझं आयुष्य गेलं. जे मी स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन, जे कानावर आलं ते तसंच सांगेन. जे मला माहीत नाही त्याच्याबद्दल अंदाज बांधावासा वाटला, तर तो अंदाज आहे हेही सांगेन. घंटेनं यापेक्षा जास्त काही करू नये.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तांबं आणि कथील एकत्र वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं गेलं आणि मी थंड झाल्यावर ओतारी दादांनी लाकडी हातोडीनं मला एकदा ठोकून पाहिलं. त्यांनी डोळे मिटून माझा आवाज पार विरेपर्यंत ऐकला. शेजारच्या भट्टीवरचा माणूस म्हणाला, की घंटा जहाजाची आहे, लग्नाची मुलगी नाही, इतकं काय बघायचं. ओतारी दादा म्हणाले, की मुलगी नको म्हणू शकते, घंटेला ते जमत नाही, म्हणून आधीच नीट बघायचं असतं. त्या वेळी मला ही थट्टा वाटली होती.

जहाजावर मला चरखीच्या शेजारी टांगलं. चरखी म्हणजे पोलादी दोराचं मोठं रीळ. त्या दोराच्या टोकाला लोखंडी पंजा लावून तो समुद्रात सोडायचा, तळाचा चिखल मुठीत धरायचा आणि वर आणायचा, हे आमचं काम. ऐकायला सोपं आहे. पण खोल पाण्यात सोडलेल्या दोराचं वजन इतकं असतं, की तो तुटून उलटा आला तर समोरच्या माणसाचं काही शिल्लक राहत नाही. म्हणून आमच्या डेकवर एक रीत होती.

दोन ठोके म्हणजे दोर हलणार. हातातलं सोडा, मागे सरका आणि तोंड बंद करा. तोंड बंद कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा. चरखी चालवणाऱ्या काकांना दोराचा आवाज ऐकावा लागत असे. ताण वाढला की दोराचा सूर चढतो. मध्येच कोणी बोललं तर तो सूर निसटतो. दोर थांबला की काका एक ठोका देत. एक ठोका म्हणजे मोकळे झालात, बोला आता.

डेकवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या अंगात ही रीत किती मुरते, हे तुम्हाला सांगून पटणार नाही. स्वयंपाकघरात कोणाच्या हातून भांडं दोनदा आपटलं, तरी जेवणाऱ्या खलाशांचे घास हवेत थांबायचे. मग सगळे एकमेकांना हसायचे. पण आधी थांबायचे.

त्या जहाजावर एक शास्त्रज्ञ बाई होत्या. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जिवांचा त्यांचा अभ्यास. पंजा वर आला की बाह्या सरसावून कोपरापर्यंत चिखलात हात घालायच्या, म्हणून खलाशांनी त्यांचं नाव चिखलताई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा त्यांनीच आपल्या डब्यावर ते रंगानं लिहिलं. आणि एक प्रशासकीय अधिकारी होते. त्यांना समुद्र लागायचा. जहाज जरा डोललं की खिशातून लिंबू काढून ते नाकाशी धरायचे. त्यांना सगळे लिंबूसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे.

दोघांचं वाकडं नव्हतं. ताईंनी त्यांना नजर क्षितिजावर ठेवायला शिकवलं होतं. साहेब ताईंसाठी शिधाखोलीतून रिकाम्या बरण्या शोधून आणत. ते त्यांना ताईच म्हणायचे. मी ऐकलं आहे.

आता उताराच्या दिवसाबद्दल.

समुद्राच्या तळालाही डोंगर आणि दऱ्या असतात. अशाच एका खोल उतारावर पंजा सोडायचा होता. हवा बिघडत चालली होती. गोडं पाणी संपत आलं होतं आणि लिंबूसाहेब सकाळपासून काही खाऊ शकले नव्हते. पंजा वर आला तेव्हा त्यात मूठभर काळा चिखल होता आणि त्या चिखलात पांढऱ्या शिंपल्या होत्या. जिवंत. ताई गुडघ्यांवर बसून पाहत राहिल्या. जिथे ऊन कधीच पोचलं नाही तिथे एवढी वस्ती असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यांनी काकांना हाक मारून सांगितलं, "काका, खाली अख्खं गाव आहे हो."

पुन्हा पंजा सोडायचा ताईंचा हट्ट होता. तेवढ्यात माझ्या अगदी खालच्या खोलीतून, जिथे वायरलेस होता, लिंबूसाहेबांचा आवाज वर आला. ते किनाऱ्यावर कळवत होते, की उतारावरचा नमुना वाया गेला, पंजा रिकामा आला, जहाज परत फिरतं आहे.

पंजा रिकामा नव्हता. हे मी पाहिलं. साहेब असं का म्हणाले ते मला ठाऊक नाही. पंजा भरून आला असं कळवलं असतं, तर किनाऱ्यावरून आणखी थांबायचा हुकूम आला असता, हे खरं. आजारी माणसाला घरी जायचं होतं, इतकंही कारण असू शकतं. ताईंनी शिंपल्या एका काचेच्या बरणीत औषधी पाण्यात घालून ठेवल्या. किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांनी कोणाला काय सांगितलं, त्यावर त्यांना काय उत्तर मिळालं, ते मला कळायचा मार्ग नव्हता. मी डेकवर होते.

मग जहाज म्हातारं झालं. ते मोडीत काढायचं ठरलं तेव्हा चरखीकाकांनी स्वतः पान्यानं मला सोडवलं, पुसलं आणि गोणपाटात गुंडाळून खात्याच्या कचेरीत पोचतं केलं. तिथल्या माणसानं विचारलं, हिचं काय करायचं. काका म्हणाले, जपून ठेवा. जपून ठेवणं म्हणजे अडगळीच्या खोलीत ठेवणं, असा त्याचा अर्थ झाला. काका पुन्हा भेटले नाहीत.

त्या खोलीत मोडक्या खुर्च्या होत्या, बंद पडलेले पंखे होते, गुंडाळलेले नकाशे होते. माझ्या शेजारी, त्याच फळीवर, ती बरणी होती. पांढऱ्या शिंपल्यांची. वर चिकटवलेला कागद गळून पडलेला. तिच्याकडे पाहून कोणालाही लोणच्याची बरणी राहिली असावी असं वाटलं असतं. आम्ही दोघी बरीच वर्षं शेजारी राहिलो. मित्रांनो, माझ्यावर हिरवट थर चढला, ठोका देणारा लोलक घट्ट धरून ठेवणारी चामड्याची चकती वाळून भेगाळली, कोळ्यानं माझ्या पोटात संसार मांडला. मी तक्रार करत नाही. वापरात नसलेल्या वस्तूंचं असंच होतं. फक्त पुढे त्या चकतीचा विषय येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

एके दिवशी कुलूप निघालं आणि लिंबूसाहेब आत आले.

केस पांढरे झाले होते. पोट सुटलं होतं. पण खिशाला तोच फुगवटा होता. जमिनीवर कसलं लिंबू लागतं म्हणाल, तर सवय. ते सरळ माझ्या फळीपाशी आले. इकडेतिकडे शोधलं नाही. त्यांनी मला हलवून पाहिलं आणि मग माझ्या शेजारी बराच वेळ नजर लावली. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ते म्हणाले, "हो, मिळाली." मग थोडं ऐकून घेऊन म्हणाले, "नाही, ती अजून इथेच आहे."

मिळाली ती मी. अजून इथेच होती ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही.

मला पुसायला दिलं ते मावशींकडे. मावशी म्हणजे कचेरीची झाडलोट बघणाऱ्या. चिंच आणि राखेनं घासताना त्या चौकीदाराशी बोलत होत्या, त्यातून मला बातमी कळली. सरकार समुद्राच्या तळाच्या शोधासाठी एक सल्लागार मंडळ नेमत होतं. त्यावर तज्ज्ञ सदस्य घ्यायचे होते. कोणी दगडमातीतला, कोणी जहाजातला, कोणी कायद्यातला, आणि एक जागा समुद्रतळाच्या जिवांचा अभ्यास असलेल्या माणसासाठी. अर्ज आले होते, छाननी झाली होती, आता मुलाखती होत्या. निवड समितीचे सचिव होते लिंबूसाहेब. मुलाखतीत प्रत्येकाला ठरावीक वेळ द्यायचा आणि वेळ संपल्यावर घंटा वाजवायची, ही कल्पना त्यांचीच. समुद्राचं मंडळ, तर घंटाही समुद्रातली, असं ते अध्यक्षांना म्हणाले होते आणि अध्यक्षांना ते फार आवडलं होतं.

"तिकडे भिंतीवर बटणाची बेल आहे की," चौकीदार म्हणाला.

"ती दाबली की चहावाला येतो," मावशी म्हणाल्या. "शास्त्रज्ञ जायला हवेत ना बाहेर."

आणखी एक गोष्ट त्यांच्या बोलण्यात आली. मंडळाच्या पहिल्याच बैठकीपुढे एक विषय ठेवलेला होता. समुद्रातल्या एका उतारावर खोदकामाचं यंत्र उतरवायला परवानगी द्यावी का. एका कंपनीनं ती मागितली होती. तिथे जिवंत असं काही नाही, असं सरकारदरबारी धरलेलं होतं. कुठला उतार, ते चौकीदाराला माहीत नव्हतं. मला कळायला वेळ लागला नाही.

मुलाखतींच्या दिवशी सकाळी मला टेबलावर लाकडी घोडीला टांगलं. घासूनपुसून माझं पोट आरशासारखं झालं होतं. सगळी खोली त्यात वाकडी होऊन दिसत होती. अध्यक्षांचं नाक भोपळ्याएवढं, खिडकी केळ्यासारखी. अजून कोणी आलेलं नव्हतं. लिंबूसाहेबांनी दोरी हातात घेतली, दाराकडे पाहिलं आणि ओढली. दोनदा. मध्ये नेमकं तेवढंच अंतर, जेवढं चरखीकाका ठेवत.

मावशी फडकं घेऊन आत डोकावल्या. "काय झालं साहेब?"

"काही नाही. वाजते का बघत होतो."

"एकदा वाजली की वाजतेच की."

साहेब हसले. मावशीही हसल्या. मी एकटीच घुमत राहिले.

पहिले उमेदवार आले ते दगडमातीतले होते. वेळ संपल्यावर साहेबांनी एक ठोका दिला. उमेदवार म्हणाले, "एवढं संपवतो," आणि चांगले ऐसपैस बोलले. अध्यक्षांनी मान डोलावली. दुसऱ्या आल्या त्या कायद्यातल्या. एक ठोका. त्या तर माझ्याकडे न बघता हातानंच थांबा म्हणाल्या आणि आपला मुद्दा पुरा करून उठल्या. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की इथे माझ्या आवाजाला कोणी फारसं मानत नाही. एक ठोका म्हणजे आवरतं घ्या, इतकाच त्याचा वचक होता.

मग शिपायानं पुढचं नाव पुकारलं आणि चिखलताई आत आल्या.

चष्मा लागला होता. गुडघे दुखत असावेत, खुर्चीचा आधार घेऊन बसल्या. आधी त्यांनी लिंबूसाहेबांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. साहेब हातातल्या फाइलची नाडी बांधत होते. ती बांधून झाली होती, तरी बांधत होते.

अध्यक्षांनी प्रत्येक उमेदवाराच्या वेळी विचारायचा प्रश्न विचारला. समितीतल्या कोणाची या उमेदवाराशी पूर्वीची ओळख आहे का? असेल तर त्यांनी सांगावं आणि तेवढ्यापुरतं बाहेर बसावं. असा नियम होता. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. लिंबूसाहेबांची मान हलली की नाही, ते मला दिसलं नाही. माझ्या पोटातल्या आरशात ते त्या वेळी कडेला होते आणि कडेला सगळं पसरट दिसतं. एवढं खरं, की ते उठले नाहीत. पुढे त्यांनी ताईंना पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाले, "घ्या मॅडम."

मॅडम. ताईंचा उजळलेला चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. त्याही काही बोलल्या नाहीत. सांगायचं तर सचिवांनी सांगावं, असं त्यांना वाटलं असणार. हा माझा अंदाज.

ताईंनी चांगली उत्तरं दिली. शब्द कमी, माहिती पुरेपूर. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, की उतारावरच्या परवानगीचा प्रश्न मंडळापुढे येणार आहे, त्या भागाबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का. ताई पुढे झुकल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः तिथे गेले आहे. तिथे काही नाही असं जे म्हटलं जातं ते बरोबर नाही, कारण त्या उतारावरून आम्ही वर काढलेल्या पंजात..."

आणि मी वाजले. दोनदा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हात मागे, तोंड बंद. समितीतल्या एकांनी कागदावर काही खरडलं. शेजारच्यांनी त्यांच्या कानात सांगितलं, की बाईंचा धागाच सुटला. ते मी ऐकलं. बाहेर जाताना ताईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. दारात जरा अडखळल्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा त्या परत आल्या. चष्म्याचं घर विसरल्या होत्या. सोबत मुलगी होती, दातांची डॉक्टर. बाहेर बाकावर बसून तिनं सकाळपासूनचे सगळे उमेदवार आत जाताना आणि बाहेर येताना पाहिले होते. चष्म्याचं घर सापडल्यावरही ताई निघाल्या नाहीत. त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे एक खोक आहे, पंजाचा धक्का लागून पडलेली. त्यांच्या डोळ्यांदेखत पडली होती.

"आई, बाकीचे सगळे वेळ संपल्यावरही बोलत होते," मुलगी म्हणाली. "दाराबाहेर ऐकू येत होतं. तू अर्ध्यातच का थांबलीस?"

"घंटा झाली."

"घंटा झाली म्हणून थांबलीस?"

"दोन ठोके होते गं."

मुलीला काही कळेना. मग ताईंनी तिला डेकवरची रीत सांगितली. दोर, सूर, काका, सगळं. मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी दिवसभर लोकांना तोंड उघडा, तोंड उघडा करते, आणि माझ्या आईचं तोंड एका भांड्यानं बंद होतं."

ताई हसल्या. मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, की ही रीत या कचेरीत आणखी कोणाला माहीत आहे.

ताईंनी हातातलं चष्म्याचं घर उघडलं, मिटलं. मग म्हणाल्या, "एका माणसाला."

"आणि दोरी कोणाच्या हातात होती?"

"उगाच कोणावर आळ घेऊ नये," ताई म्हणाल्या. "माणूस वाईट नाही तो. बरण्या आणून द्यायचा मला."

दोघी बाहेर पडत होत्या तेव्हा लिंबूसाहेब दारातच भेटले. किती वेळ तिथे उभे होते, ते मला माहीत नाही. ते बाजूला झाले, त्यांनी वाट दिली. मुलीनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं.

दुपारी आलेल्या पहिल्या उमेदवाराला लिंबूसाहेबांनी दोन ठोके दिले. त्याच्या पुढच्यालाही दोन. अध्यक्ष म्हणाले, "अहो, एक पुरे की, कान बसले." साहेब म्हणाले, की ते एकदाच ओढतात, पण लोलक सैल झालाय, आपोआप परत आपटतो.

मित्रांनो, इथे मला फार सांभाळून बोललं पाहिजे. माझी चामड्याची चकती भेगाळली आहे हे खरं. लोलक सैल आहे हेही खरं. उसळून आलेला दुसरा ठोका पहिल्यापेक्षा हलका असतो. ताईंच्या वेळचा दुसरा ठोका मला पहिल्याइतकाच भरीव लागला. पण पहिला ठोका बसला की मी स्वतःच घुमत असते, आणि घुमणाऱ्याला दुसऱ्या ठोक्याचं वजन नीट कळत नाही. सकाळी ताईंच्या आधीच्या दोघांच्या वेळी लोलक का उसळला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुपारचे दोन ठोके चकतीमुळे होते की सकाळचे झाकण्यासाठी होते, याचंही नाही.

त्यानंतरचं सगळं मला मावशींच्या तोंडून कळत गेलं. ताईंनी आळ घेतला नाही, पण मुलीनं आईला बसवून तक्रार करायला लावली. आपलं उत्तर पुरं झालं नाही, ते ऐकून घ्यावं, एवढंच ताईंनी मागितलं. सचिवांशी जुनी ओळख होती, हे मात्र मुलीनं त्यात घालायला लावलंच. अध्यक्षांनी लिंबूसाहेबांना बोलावून विचारलं. साहेब म्हणाले, जहाजावर पुष्कळ लोक असायचे, सगळ्यांशी ओळख होती असं कसं म्हणता येईल.

मावशी हे चौकीदाराला सांगताना थांबल्या आणि म्हणाल्या, "माझं लग्न ज्या हॉलमध्ये झालं तिथेही पुष्कळ लोक होते. म्हणून काय नवऱ्याला ओळखत नाही म्हणू?"

चौकीदार म्हणाला, की त्यानं असं म्हणून बघितलं होतं, बायकोनं ऐकलं नाही.

मंडळाच्या बाकीच्या जागा भरल्या. समुद्रतळाच्या जिवांची जागा रिकामी ठेवली आहे. ताईंना पुन्हा बोलावायचं की दुसऱ्या उमेदवाराला घ्यायचं, यावर विचार चालू आहे असं सांगितलं जातं. अध्यक्ष म्हणतात, ऐकून घ्यायला हरकत नाही, पण नुसतं मी पाहिलं होतं म्हणून भागायचं नाही, बाईंनी काही दाखवायला हवं. ताईंनी कळवलं, की दाखवण्यासारखं आहे. शिंपल्यांची बरणी त्यांनी त्याच काळी खात्याकडे दिली होती. अडगळीच्या खोलीत पाहायची परवानगी त्यांनी मागितली आणि ती त्यांना मिळाली.

मुलाखतीत घंटा वापरू नये असाही निर्णय झाला. मावशींनी मला कडेवर घेतलं आणि पुन्हा अडगळीच्या खोलीकडे निघाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात, शाळेत, कचेरीत असतील. त्यांना पुसा, तेल द्या, वाळलेली चकती बदला. माझी चकती वेळेवर बदलली असती, तर आज लिंबूसाहेबांना सैल लोलकाचं नाव घेता आलं नसतं, आणि साहेब निर्दोष असतील तर त्यांनाही ते चार लोकांत दाखवून देता आलं असतं. आणखी एक मागणं आहे. एखादी जुनी वस्तू कोणी अचानक प्रेमानं उचलून आणली, तर त्या माणसाला विचारा, की तुला हिची आठवण आजच का झाली. विचारण्यानं कोणाचा अपमान होत नाही. ओतारी दादा म्हणाले तेच खरं. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता येतं, थांबलेलं वाक्य पुढे न्यायला सांगता येतं. त्या खोलीत एवढी शिकलेली माणसं होती, आणि "पंजात काय होतं?" असं एकानंही विचारलं नाही.

मावशींनी कुलूप काढलं आणि मला माझ्या जुन्या फळीवर ठेवलं. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर चौकीदार उभा होता. मावशी फडकं फिरवता फिरवता थांबल्या.

"इथली ती लोणच्याची बरणी कोणी नेली?" त्यांनी विचारलं.

चौकीदार म्हणाला, की मावशींच्या सुट्टीच्या दिवशी चावी दोनदा गेली होती. एकदा साहेबांनी मागून घेतली, एकदा त्या चष्मेवाल्या बाई परवानगी दाखवून घेऊन गेल्या. आधी कोण आलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं. बाहेर जाताना कोणाच्या हातात पिशवी होती का, असं मावशींनी विचारलं. तो म्हणाला, पिशवी दोघांकडेही होती.

मंडळाची पहिली बैठक सोमवारी आहे. उताराचा विषय कामकाजात तसाच आहे. माझ्या शेजारी फळीवर जाड धूळ बसलेली आहे आणि त्या धुळीत बरणीच्या बुडाएवढं एक गोल, स्वच्छ वर्तुळ आहे.